दादा न्यू जर्सीत, उलटतपास कोल्हापुरात

प्रश्न : आमचा वाटपाचा दावा कोल्हापूरच्या दिवाणी कोर्टात चालू आहे. थोरला भाऊ न्यू जर्सीत असतो आणि नेमका तोच मुख्य साक्षीदार, कारण वडिलांनी केलेल्या वाटणीच्या कागदावर त्याची साक्षीदार म्हणून सही आहे. नुसत्या साक्षीसाठी बोलवायचं म्हणजे तिकीट, सुट्टी, आणि इथं आल्यावर पुढची तारीख पडली की सगळंच पाण्यात. एका एजन्सीने 'व्हर्च्युअल डिपॉझिशन पॅकेज'चा जो आकडा सांगितला तो ऐकून तिकीटच स्वस्त वाटायला लागलं. साधं झूमवर होत नाही का हो?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : होतं, आणि ते पॅकेज अजिबात घेऊ नका. एजन्सी जे विकतेय ती अमेरिकेतली पद्धत आहे, तिकडे खटला उभा राहायच्या आधीच वकील साक्षीदाराला शपथेवर बसवून प्रश्न विचारतात, शेजारी टाइप करून घेणारा रिपोर्टर असतो, आणि दोन्ही बाजू राजी असल्या तर ते व्हिडिओवर पण चालतं. आपल्याकडे साक्ष कोर्टासमोर होते नाहीतर साक्ष नोंदवायला कोर्टाने नेमलेल्या कमिशनरसमोर, त्यामुळे कोर्टाच्या ऑर्डरशिवाय केलेलं कितीही सुबक रेकॉर्डिंग असलं तरी तुमच्या दाव्यात त्याचा उपयोग शून्य.

दिवाणी दाव्यात सरतपास (साक्षीदाराचं आपल्या बाजूचं सांगणं) शपथपत्रावरच होतो, म्हणजे दादाने तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन शपथपत्र करून पाठवलं की अर्धं काम झालं, व्हिडिओ लागणार तो फक्त उलटतपासाला. त्यासाठी वकिलांना अर्ज द्यायला सांगा. समोरचे हरकत घेणारच. त्यांना 2003 चा महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई हा सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवा, मुंबईतली फौजदारी केस होती, साक्षीदार डॉक्टर अमेरिकेत, आणि कोर्टाने व्हिडिओवर साक्ष घ्यायला परवानगी दिली. फौजदारीत चालतं तर वाटपाच्या दाव्यात का नाही? कोणी एप्रिल 2020 ची ऑर्डर पुढे करेल की दोघांची संमती नसेल तर पुरावा व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर) नोंदवायचा नाही, पण ती हायकोर्टांचे नियम होईपर्यंतची कोविडमधली सोय होती, मुंबई हायकोर्टाचे व्हीसीचे नियम 2022 मध्ये आलेत.

आता खरी गोम. सुप्रीम कोर्टाच्या ई-कमिटीने 2020 मध्ये जे मॉडेल नियम केले त्यात साक्षीदार परदेशात असेल तर त्याच्या बाजूला भारतीय वकिलातीचा अधिकारी कोऑर्डिनेटर म्हणून लागतो, ओळख तपासायला आणि कोणी कानात सांगत नाही ना ते बघायला. न्यू जर्सीसाठी न्यूयॉर्कची वकिलात. तिथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात, म्हणजे तिकडे ऑफिस उघडतंय आणि इकडे जजसाहेब घरी पोचलेत! बरेच अर्ज मंजूर होऊनही इथेच लटकतात. म्हणून अर्जातच लिहा की उलटतपासासाठी कोर्ट कमिशनर नेमावा, तो संध्याकाळी बसू शकतो. कमिशनरची फी कोर्ट ठरवतं आणि व्हीसीचा खर्च दिवाणी दाव्यात बहुतेक वेळा मागणाऱ्यावरच येतो, तेवढा धरून ठेवा.

सॉफ्टवेअर कुठलं ते ऑर्डरमध्येच ठरवून घ्या. लिंक कमिशनरला काढायची असेल तर फुकटात जाऊ नका, झूम चाळीस मिनिटांनी तोडतं, गुगल मीटवर तीनजण असले की तासाभराने, आणि नेमकं 'ही सही तुमचीच ना' विचारल्यावर लाइन गेली तर परत येईपर्यंत साक्षीदाराने काय विचार केला यावर समोरचा वकील अर्धा तास बोलेल. एका महिन्याचा पेड प्लॅन घ्या, विमानाच्या तिकिटापुढे ती चिल्लर आहे. नेट फार भारी नको, पण डाउनलोडपेक्षा अपलोड बघा, वायफायऐवजी केबल लावा, आणि मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा. वाटणीच्या कागदाची निशाणी नंबर (कोर्टाने पुराव्याच्या कागदाला दिलेला नंबर) पडलेली स्कॅन कॉपी आधीच कोऑर्डिनेटरकडे जाऊ दे, कॅमेऱ्यासमोर कागद हलवून 'दिसतंय का, दिसतंय का' करण्यात खूप वेळ जातो.

प्रश्न : मिस्टरांच्या अपघाताचा क्लेम नाशिकला आहे, ऑपरेशन केलेले डॉक्टर मुंबईत. ते म्हणतात एवढ्यासाठी दिवस मोडणार नाही. काय करू?
– एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : ताई, डॉक्टरांचंही खरंच आहे हो, पंधरा मिनिटांच्या साक्षीसाठी ओपीडी बंद ठेवायची म्हणजे काय. सरकारी किंवा महापालिकेच्या हॉस्पिटलमधून व्हीसीवर साक्ष द्यायची सोय नियमांत आहे, तिथला मेडिकल सुपरिंटेंडेंट किंवा त्याने नेमलेला माणूस कोऑर्डिनेटर होतो. नाहीतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसातून. अर्ज लवकर द्या आणि डॉक्टरांना सोयीची वेळ अर्जात लिहूनच द्या, नुसतं 'व्हीसीची परवानगी मिळावी' एवढंच लिहिलं तर तारीख पडते आणि डॉक्टर तेव्हा थिएटरमध्ये असतात. केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, अपंगत्वाचा दाखला हे सगळं आदल्या आठवड्यात त्यांच्या हातात पोचलं पाहिजे.

प्रश्न : माझी साक्ष व्हीसीवर आहे. पुरावा म्हणून आपल्याजवळ असावं म्हणून मी स्क्रीन रेकॉर्ड केलं तर?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नको! परवानगीशिवाय रेकॉर्डिंगला नियमांत साफ मनाई आहे. नोंदवलेल्या साक्षीची नक्कल मिळते, त्यासाठी अर्ज करा. आणि हो, साक्षीच्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, खाली मान घालून व्हॉट्सॲप बघताना दिसलात की काही वाचलं नसलं तरी समोरचा वकील सोडणार नाही.