दुसऱ्या स्टेटचं वकिलीचं लायसन्स आत्ताच घ्यायचं का?

आधी अभिनंदन! न्यूयॉर्कचा बार, म्हणजे वकिलीच्या लायसन्सची परीक्षा, पहिल्याच फटक्यात काढलास. आता लगेच न्यू जर्सीचं लायसन्सही घेऊ का विचारतोयस, तर आधी तुझे क्लायंट कुठले असणार ते बघ. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या कुणाचा घटस्फोट किंवा घराचं क्लोजिंग (खरेदीचा शेवटचा व्यवहार) करायचं असेल तर तिथलं लायसन्स हवंच, पण नुसतं इमिग्रेशन करणार असशील तर तो फेडरल कायदा, एका स्टेटचं पुरतं.

नवीन मुलं हमखास चुकतात ते इथे:

- यूबीईचा स्कोअर (बऱ्याच स्टेट्सची ही सामायिक बार परीक्षा). दोन्हीकडे 266 लागतात, म्हणजे तुझा चालेल, पण परीक्षेपासून 3 वर्षांच्या आत न्यू जर्सीला ट्रान्सफर कर, नाहीतर परत अभ्यासाला बसावं लागेल.
- फक्त अर्जाची फी मोजतात. न्यूयॉर्कचं रजिस्ट्रेशन दर 2 वर्षांनी, न्यू जर्सीची फी दरवर्षी, वर सीएलईचे (वकिलांच्या सक्तीच्या चालू शिक्षणाचे) तास दोन्हीकडचे. माझ्या कॅलेंडरवर लाल-निळ्या खुणा आहेत त्या यासाठीच.

कॅलिफोर्निया सध्या डोक्यातून काढ, यूबीईचा स्कोअर तिथे चालत नाही. तुझी ट्रान्सफरची तारीख मात्र आजच लिहून ठेव आणि काम कुठलं करणार ते मला कळव, मग बोलू.