आचाऱ्यावर सोपवलेले जेवण

प्रश्न : मुलगा टोकियोला नोकरीस असून पुढच्या महिन्यात आम्हा दोघांना ‘ओमाकासे’ सुशी जेवायला नेणार आहे. भात आणि तलावातली मासळी हे आमचे नेहमीचे अन्न. पण कच्चा मासा कधी खाल्लेला नाही. तेथे कसे जेवावे?
— एक वाचक, साकोली तालुका, जि. भंडारा

उत्तर : ‘ओमाकासे’ म्हणजे ‘तुमच्यावर सोपवले’. काय वाढायचे आणि कोणत्या क्रमाने, हे आचारीच ठरवतो. म्हणून जे तुम्हाला चालत नाही ते मुलाने जागा राखतानाच कळवावे, कारण ऐन वेळी नाकारलेला घास त्याच्या तयारीवर पाणी फिरवतो.

व्हिनेगर, मीठ आणि साखर लावलेल्या कोमट भाताचा लहानसा मुटका व त्यावर माशाचा काप, ही निगिरी सुशी. ती समोर येताच एका घासात खावी. हाताने खाल्ली तरी चालते, तेव्हा काड्यांची धास्ती बाळगू नका. सोया सॉस बहुधा आचारीच लावून देतो. वेगळा दिल्यास माशाची बाजू बुडवावी, भाताची बुडवल्यास मुटका सुटतो. आल्याचे काप दोन घासांच्या मध्ये खायचे असतात. अत्तर मात्र लावून जाऊ नये, माशाचा नाजूक वास त्यात हरवतो.

सुशीसाठी मुख्यतः समुद्री मासे वापरतात आणि त्यांतील कृमी मरावेत म्हणून अनेक मासे आधी खोल गोठवलेले असतात. गावी परतल्यावर मात्र हा प्रयोग तलावातल्या मासळीवर कृपया करू नका. गोड्या पाण्यातील कच्च्या माशांतून यकृतात शिरणारे कृमी पोटात जाऊ शकतात.