वाचक विचारतात: लेसरची केबल लांब केली तर काय बिघडतं?

प्रश्न: सर, हिंगणा एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, स्टीलच्या डब्यांवर नावं टाकायला 20 वॉटची फायबर लेसर मशीन घेतली. हेड, म्हणजे जिथून प्रकाश डब्यावर पडतो तो भाग, जरा दूर न्यायचंय म्हणून मशीनवाल्याला दहा मीटरची फायबर केबल मागितली तर तो सरळ नाही म्हणतो. आता घरी इंटरनेटची फायबर कित्येक किलोमीटरवरून येते, तिथे चालतं मग इथे काहून नाही?
- एक वाचक, नागपूर

उत्तर: भाऊ, मशीनवाला बरोबर सांगतोय. 20 वॉट ही सरासरी झाली, तुमचा लेसर सलग जळतच नाही, तो ठोके मारतो. सेकंदाला 20,000 ठोके धरले तर एका ठोक्याच्या वाट्याला 1 मिलिज्यूल येतो, आणि तो 100 नॅनोसेकंदात संपतो, म्हणजे त्या क्षणी पॉवर 10,000 वॉटच्या घरात जाते! अन् हे सगळं जातं कुठून तर फायबरच्या 10-20 मायक्रॉनच्या गाभ्यातून, म्हणजे मधल्या बारीक काचेतून, आपला केससुद्धा त्याच्यापेक्षा कितीतरी जाड. इंटरनेटच्या फायबरमध्ये मिलिवॉटचा कारभार असतो, तिथे काच शांत राहते.

इथे काच शांत राहत नाही. काचेचे रेणू थरथरतात, प्रकाशातली थोडी ऊर्जा घेतात आणि तुमच्या लेसरचा 1064 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश 1120 च्या आसपास सरकतो, हाच रामन परिणाम. आणि एकदा असा सरकलेला प्रकाश तयार झाला की तोच पुढच्या प्रकाशाला आपल्याकडे ओढतो, मीटरमागे मीटर वाढतच जातो. ज्या पॉवरच्या पुढे हे हाताबाहेर जातं ती हद्द 10 मायक्रॉनच्या गाभ्याला 3 मीटरवर साधारण 4 किलोवॉटला येते, लांबी तिप्पट केली की हद्द एक तृतीयांश. गाभा दुप्पट रुंद केला तर मात्र चौपट सवलत मिळते, पण दहा मीटरवर 10,000 वॉटला तीही पुरत नाही.

यातली फसवी गोष्ट अशी की पॉवर मीटर जवळपास तेवढेच वॉट दाखवतो, पण लेन्स 1064 साठी बनवलेली, त्यामुळे अक्षरं भुरकट येतात, कडेची जास्त, आणि माणूस फोकस फिरवत बसतो.

रामनचा दुसरा भाऊबंद म्हणजे ब्रिलुआं परिणाम, यात प्रकाश काचेत ध्वनीलहर उठवतो आणि तिच्यावर आपटून उलटा मागे फिरतो, थेट लेसरच्या पोटात. ती लहर उभी राहायला साधारण 10 नॅनोसेकंद लागतात, म्हणून त्याहून बऱ्याच छोट्या ठोक्यांना तिचा त्रास कमी.

जाता जाता, रामन परिणाम शोधणारे सी. व्ही. रामन 1910 मध्ये सरकारी हिशेब खात्याच्या नोकरीत आपल्या नागपुरातच होते, शोध लागला 1928 साली कलकत्त्याला. मला याचा फार अभिमान वाटतो.

तुमच्यासाठी सोपा उपाय: फायबर आहे तेवढीच ठेवा, लेसरचं कॅबिनेटच हेडजवळ सरकवा आणि मेनची वायर लांबवा, ती कितीही लांब चालते, फक्त जाडी पुरेशी घ्या. आणि 1064 चा खास चष्मा घातल्याशिवाय मशीन चालू करू नका, हा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, साधा काळा गॉगल त्याला अडवत नाही.