स्लॅलम म्हणजे बर्फाच्या उतारावर रोवलेल्या दांड्यांमधून वळणं घेत खाली उतरायची स्कीइंगची शर्यत. त्यात खेळाडू दांड्यांना धडकत जातात, तरी बाद का होत नाहीत?

कारण नियम दांडीला स्पर्श करण्याबद्दल नाही, पाय कुठून गेले याबद्दल आहे. दोन्ही पावलं आणि दोन्ही स्कींची टोकं दांडीच्या योग्य बाजूने गेली की झालं. एक स्की जरी चुकीच्या बाजूने गेली, तर खेळाडू बाद.

मी जळगावचा. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, बर्फ फक्त रसवंतीत दिसतो. तरी हा खेळ मी मन लावून बघतो. तोरणमाळचा घाट उतरताना मोटारसायकल वळणाच्या आत कलते ना, तसंच इथे घडतं. स्की बाहेरून वळतात, पण शरीर इतकं आत झुकतं की ते थेट दांडीवरूनच जातं. म्हणून खेळाडू नडगीने किंवा हाताने दांडी आडवी पाडतो. ती बुडाशी लवचीक सांध्यावर असते, लगेच उभी राहते. नडगीला आणि हाताला संरक्षक कवच असतं. दांडीला वळसा घालत बसलं तर वेळ जातो, आणि इथे निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागावर लागतो.

दोन फेऱ्यांची वेळ मिळून विजेता ठरतो, दुसऱ्या फेरीत दांड्यांची मांडणी नवी असते. जायंट स्लॅलममध्ये दांड्या लांब लांब, वेग जास्त.

काश्मीरचा आरिफ खान 2022च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये दोन्ही प्रकारांत उतरला होता. जायंट स्लॅलममध्ये तो 45वा आला. त्या शर्यती जरूर बघा.