अठराजणांच्या बॅचमध्ये माझा हात पेशंटपर्यंत पोहोचणार कधी?

"मॅडम, मेडिसिनची पोस्टिंग अर्धी संपली. स्प्लीन (प्लीहा) हाताला कशी लागते ते मला अजून माहीत नाही. बॅचमध्ये अठराजण आहोत आणि पुढे उभे राहणारे चौघे ठरलेलेच. इंटर्नशिपला मी पेशंटचं काय करणार?"

ही काळजी घेऊन येणारे वैद्यकीय विद्यार्थी पुष्कळ असतात. या विद्यार्थिनीला मी आदल्या दिवशीचा क्लिनिकचा, म्हणजे पेशंटजवळ उभं राहून शिकण्याचा, तास क्रमाने सांगायला सांगितला. सर आले, चौघांनी उत्तरं दिली, दोघांनी पोट तपासलं. बाकीच्यांनी पुढच्यांच्या ॲप्रनच्या पाठी पाहिल्या आणि सर म्हणाले ते वहीत उतरवलं. तास संपला.

मग तिला विचारलं, "सरांनी सांगायच्या आधी, या पेशंटला काय असेल असं तुला वाटत होतं?" ती गप्प झाली. तिने अंदाज बांधलाच नव्हता.

गर्दीत जागा मिळत नाही हे खरंच आहे. दुखऱ्या पोटावर अठराजणांनी हात ठेवणं कुठल्याही पेशंटवर अन्यायच. पण जागेसोबत जबाबदारीही सुटते, आणि हे नुकसान मला जास्त मोठं वाटतं. दोर ओढणारे वाढले की माणशी जोर कमी होतो, हे फ्रेंच अभियंता रिंगेलमान यांनी १९१३ मध्येच मांडलं होतं. क्लिनिकमध्ये तो जोर म्हणजे स्वतःचा अंदाज बांधणं, आणि त्याला पुढची रांग लागत नाही.

म्हणून पहिलं काम चिठ्ठीचं. सर निष्कर्ष सांगण्याआधी तीन ओळी लिहायच्या: मला काय दिसलं, निदान काय वाटतं, ते कशावरून. नंतर खोडायचं नाही, चुकलेलं शेजारी लिहायचं.

दुसरं काम तिकडीचं. अठराजणांच्या सहा तिकड्या केल्या आणि क्लिनिकच्या पाऊण तास आधी प्रत्येकीने एक पेशंट घेतला, तर केस मांडायला तीन-तीन मिनिटं धरून अठरा मिनिटांत सहा पेशंट सगळ्यांसमोर येतात. मोठ्या बॅचचा हा फायदा छोट्या बॅचला मिळत नाही. तिकडीत एकजण हिस्ट्री (आजाराची माहिती) विचारून घेतो, दुसरा तपासतो, तिसरा फक्त बघतो आणि टिपतो. दुसऱ्या दिवशी कामं बदलतात.

बघणाऱ्याचं काम सगळ्यांना फुकट वाटतं, पण तिथेच खूप शिकायला मिळतं. तिच्याच तिकडीत हे घडलं. तपासणाऱ्या मुलाने हात थेट डाव्या बरगडीखाली ठेवला आणि "स्प्लीन नाही" म्हणाला. बघणारीने टिपलं होतं: सुरुवात वर झाली. स्प्लीन बरीच वाढलेली असेल तर तिची कड खाली, उजवीकडे सरकलेली असते, आणि वरून सुरुवात केली की हात कडेच्या पलीकडे, स्प्लीनवरच पडतो. म्हणून उजव्या इलियाक फोसापासून, म्हणजे पोटाच्या खालच्या उजव्या भागापासून, निघायचं. पेशंट श्वास घेईल तेव्हा हात स्थिर ठेवून कडेची वाट बघायची, सोडेल तेव्हा थोडं वर, डाव्या बरगडीकडे सरकायचं. पुन्हा तपासल्यावर कड बोटांना लागली.

सुरुवातीला बिघडलंही बरंच. तिकडी ड्रेसिंगच्या वेळी वॉर्डात पोहोचली आणि सिस्टरांनी परत पाठवलं, ते योग्यच होतं. आता आदल्या दिवशी सिस्टरांना विचारून वेळ ठरते. बघणारा पेशंटसमोरच चुका काढू लागला, म्हणून ती चर्चा कॉरिडॉरमध्ये करायचं ठरलं. केस कोण मांडणार हे आधीच ठरल्यामुळे बाकीचे दोघे तयारीच करेनात. मग केस मांडणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी ऐनवेळी उचलायची ठरली.

पेशंटशी बोलण्याचं वाक्यही आम्ही घोकलं: "मी विद्यार्थिनी आहे. शिकण्यासाठी तुम्हाला तपासू का? नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारांत फरक पडणार नाही." नकार आला की आभार मानून निघायचं. जेवण चालू असेल, धाप लागलेली असेल, तर विचारायचंही नाही. प्रत्येकाने आधी आणि नंतर हात धुवायचे, थंड हात चोळून गरम करायचे. सगळे विद्यार्थी धरून एका पेशंटला दिवसात तिघांपेक्षा जास्त जणांनी तपासायचं नाही.

सरांकडे जाताना "आम्हाला शिकायला मिळत नाही" असं म्हणू नकोस, असं मी तिला सुचवलं. तक्रारीला उत्तर म्हणून सहानुभूती मिळते, वेळ मिळत नाही. तिने सहा तिकड्यांचं वेळापत्रक कागदावर नेलं आणि एवढंच मागितलं: "सर, रोज एका तिकडीची तपासणी तुम्ही स्वतः बघाल का?" सर तयार झाले. राउंडला मात्र ती अजूनही मागेच उभी असते. राउंड पेशंटच्या उपचारांसाठी असतो, तिथे तीन ओळींची चिठ्ठी पुरते.

पुढची पोस्टिंग बालरोगाची आहे. तीन पांढरे ॲप्रन जवळ आले की मूल रडणार, त्यामुळे तिथे एकीनेच पुढे जायचं. मूल आईच्या मांडीवर शांत असतानाच आधी हृदय आणि छाती ऐकायची, घसा आणि कान अगदी शेवटी. उरलेल्या दोघींनी लांबूनच श्वास मोजायचे, पूर्ण एक मिनिट.