दूध पाण्यापेक्षा मोठं आहे का?

प्रिय ज्युनियर,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप दोनदा वाचला. साक्षीदार आठ वर्षांची, आरोप लैंगिक अत्याचाराचा, पक्षकार म्हणतो मी काहीच केलं नाही, आणि उलटतपासणी तुझ्याकडे आली आहे. "सर, एकतर मी त्या मुलीशी निर्दयपणे वागेन, नाहीतर पक्षकाराशी बेइमानी करेन," असं तू लिहिलं आहेस. तिसरा रस्ता आहे. मला तो फार उशिरा सापडला. त्याआधी मी काय करून बसलो ते आधी ऐक, मग बाकीचं.

वकिलीच्या सहाव्या-सातव्या वर्षी अशीच एक केस माझ्याकडे आली. मुलगी नऊ वर्षांची. तिच्या तीन जबाबांतल्या विसंगती मी लाल पेन्सिलीने खुणावून ठेवल्या होत्या. घटना सुट्टीच्या आधीची की नंतरची, हे मी तिला चार तऱ्हांनी विचारलं. मध्येच दाराच्या कडीवर गेलो, तिथून पुन्हा तारखेवर. सुरुवातीला ती विचार करून उत्तरं देत होती. मग नुसती मान हलवू लागली. शेवटी मी म्हणेन त्याला "हो". तो त्या दिवशी घरी नव्हताच ना? हो. तू हे आईच्या सांगण्यावरून बोलतेस ना? हो. मी खाली बसलो. पक्षकार सुटला. वकिलांच्या बसायच्या खोलीत, बार रूममध्ये, दोघातिघांनी पाठ थोपटली आणि मी ती थोपटू दिली.

त्या माणसाने ते केलं होतं का, हे मला आजही माहीत नाही. न्यायाधीशांनाही कळलं नसणार. पाऊण तासात मी एवढंच सिद्ध केलं होतं की दमलेलं मूल हो म्हणतं. मुलगी खरं बोलत असेल तर मी काय केलं ते तुला वेगळं सांगायला नको. पण तो निर्दोष असेल तर? मग त्याच्या पदरात पडलेली सुटका कुणाच्याच गळी उतरली नाही, त्याच्या घरच्यांच्यासुद्धा. म्हणजे दोन्हीकडून बघितलं तरी ते वाईट काम होतं.

१९८० साली दोन संशोधकांनी पाच आणि सात वर्षांच्या मुलांना मुद्दाम निरर्थक प्रश्न विचारले. त्यातला एक होता, दूध पाण्यापेक्षा मोठं आहे का? बहुतेक मुलांनी उत्तर दिलं. हा काय प्रश्न झाला, असं म्हणणारी फारशी निघाली नाहीत. मोठ्या माणसाने विचारलंय म्हणजे त्याला अर्थ असणार आणि उत्तर देणं आपलं काम, अशी मुलांची समजूत असते. पुढे न्यूझीलंडमध्ये झालेल्या प्रयोगांत पाच-सहा वर्षांच्या मुलांना, त्यांच्या बाबतीत खरोखर घडलेल्या प्रसंगाबद्दल, उलटतपासणीच्या ढंगाने विचारलं गेलं. बहुतेकांनी निदान एक तरी उत्तर फिरवलं, आणि चुकीच्या उत्तरांबरोबर बरोबर उत्तरंही फिरवली. हे नीट ध्यानात घे. आपल्याला शिकवलेलं तंत्र खोटं उघडं पाडतं असा आपला समज असतो. लहान मुलाच्या बाबतीत ते खरं आणि खोटं दोन्ही सारखंच पुसून टाकतं.

म्हणून माझं म्हणणं असं की सौम्य आणि साधा प्रश्न हेच बचावाचं धारदार हत्यार आहे. मुलावर दया करायला मी सांगत नाही (दया वाटलीच तर वाटू दे, तिने केस बिघडत नाही). मी सांगतो ते पुराव्याबद्दल. ज्या उत्तरावर विसंबता येत नाही, ते तुझ्या बाजूने आलं तरी तुझ्या कामाचं नाही.

आता भाषेकडे ये, कारण निम्मं नुकसान तिथेच होतं. आपल्या कोर्टी मराठीला दुहेरी नकाराची खोड आहे. "असे म्हणणे खरे नाही की तो तेथे नव्हता" या वाक्याला "हो" म्हटलं तर अर्थ काय होतो? मला स्वतःला कागदावर मांडून बघावं लागतं. आठ वर्षांच्या मुलीपुढे हे टाकायचं आणि तिच्या हो-नाहीवर एका माणसाचं आयुष्य ठरवायचं! "बरोबर ना?", "हो की नाही?" ही शेपटंही तशीच. शेपूट लागलं की तो प्रश्न राहत नाही, ती आज्ञा होते. एका वाक्यात एकच गोष्ट विचार. सर्वनामं टाळ, "त्याने", "तिथे", "तेव्हा" यांच्याऐवजी माणसाचं, खोलीचं, प्रसंगाचं नाव घे. विषय बदलताना तसं सांग: "आता मी शाळेबद्दल विचारणार आहे." मी माझ्या त्या केसमध्ये बरोबर याच्या उलट केलं होतं, आणि ते जाणूनबुजून केलं होतं, कारण उड्या मारणं हे तंत्र म्हणून शिकवलं जातं.

मुलं शब्द शब्दशः घेतात. "त्याने तुला हात लावला का?" या प्रश्नाला "नाही" असं खरं उत्तर येऊ शकतं, कारण हात लावलेला नसतो, दुसरं काही केलेलं असतं. पुढे कुणीतरी "मग काय केलं?" विचारल्यावर ती सांगते, आणि आपण विसंगती सापडली म्हणून उडी मारतो. "काका" या शब्दाचंही असंच. मराठी मुलाच्या तोंडी प्रत्येक मोठा पुरुष काका असतो. इथे मात्र बचावाचा खराखुरा मुद्दा असू शकतो: पहिल्यांदा "काका" म्हटलं तेव्हा कोण अभिप्रेत होतं, आणि त्या काकाला नाव कुणी जोडलं? हा प्रश्न सोडू नकोस. पण तो मुलीला दरडावून नाही, जबाब घेणाऱ्याला खोलात जाऊन विचारायचा असतो.

माझ्या मते बचावाची खरी जागा हीच आहे, मुलापर्यंत साक्ष कशी पोचली तो रस्ता. घरात पहिल्यांदा कुणी विचारलं, काय शब्दांत, किती वेळा? उत्तर मनासारखं आलं नाही म्हणून पुन्हा विचारलं का? पुन्हा विचारलं की आधीचं उत्तर चुकलं असं मूल समजतं. कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीचा खटला जरूर वाच. १९८३ मध्ये आरोप झाले, शेकडो मुलांच्या मुलाखती झाल्या, आणि १९९० मध्ये एकालाही शिक्षा न होता सगळं संपलं. मुलाखती घेणाऱ्यांनी बाहुल्या वापरल्या, इतर मुलं काय म्हणाली ते सांगितलं, हवं ते उत्तर आलं की कौतुक केलं. त्या मुलांपैकी कुणाच्या बाबतीत खरोखर काही घडलं होतं का, हे आता कुणालाच शोधता येणार नाही. त्या मुलाखतींनी ती वाटच बुजवली. १९९४ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात म्हटलं की मुलाखती सूचक आणि दबावाच्या होत्या असं बचावाने दाखवलं, तर मुलाची साक्ष घेण्याआधीच त्या मुलाखतींबद्दल सुनावणी व्हायला हवी. या दोन्ही ठिकाणी बोट होतं ते मोठ्यांच्या प्रश्नांकडे. मूल खोटं बोलतंय असं म्हणण्याची गरजच पडली नाही.

एकदा मी याच वाटेने गेलो. मुलीला जेमतेम सहा-सात प्रश्न विचारले, सगळे याच विषयावर: हे आधी कुणाला सांगितलंस, त्यांनी काय विचारलं. बारा मिनिटं लागली. तिने शांतपणे सांगितलं की नाव आधी मावशीने घेतलं होतं. उरलेला दिवस मी मोठ्या साक्षीदारांबरोबर घालवला. उलटही घडलंय. दुसऱ्या एका केसमध्ये असाच साधा प्रश्न विचारला आणि मुलाने सरतपासणीत (म्हणजे आधी सरकारी वकिलाने विचारलेल्या प्रश्नांत) नसलेली एक बारीक गोष्ट इतकी स्वच्छ सांगितली की माझ्या पक्षकाराला शिक्षा झाली. तो प्रश्न विचारल्याबद्दल मला वाईट वाटतं का? वकील म्हणून थोडं वाटतं. पण तुला जोखीम कळावी म्हणून सांगतो. मुलाची साक्ष तुझ्या बचावाला धक्का लावत नसेल, तर "प्रश्न नाहीत" म्हणून बसण्याची हिंमत ठेव.

विसंगतीबद्दल थोडं. एकच गोष्ट अनेकदा घडली असेल तर मुलाच्या आठवणीत त्या प्रसंगांची सरमिसळ होते. कुठल्या वेळी काय, किती वेळा, कुठला महिना, हे नीट लागत नाही. उशिरा सांगणंही नेहमीचंच आहे. तेव्हा "ओरडली का नाहीस?", "आईला लगेच का नाही सांगितलंस?" हे प्रश्न वहीतून काढून टाक, त्यांच्या उत्तरातून घटना घडली की नाही हे कळत नाही, मुलीला फक्त अपराधी वाटतं. मुख्य घटनेतच विसंगती असेल तर ती न्यायाधीशांसमोर युक्तिवादात मांड. मुलीकडून ती कबूल करून घ्यायची गरज नसते. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २०१० मध्ये, अगदी लहान मुलीच्या साक्षीच्या एका प्रकरणात, प्रश्न आखूड आणि सोपे हवेत हेच बजावलं. आता तिथे साक्षीआधी न्यायाधीश वकिलांबरोबर बसून प्रश्नांची पद्धत ठरवतात, आणि १९९९ च्या कायद्यातल्या तरतुदीनुसार उलटतपासणी आधीच रेकॉर्ड करण्याची सोय आहे. भारतात मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याचं कलम ३३ त्याहून पुढे जातं: वकिलाने प्रश्न न्यायालयाकडे द्यायचे आणि न्यायालयाने ते मुलाला विचारायचे, आक्रमक प्रश्न नाहीत, चारित्र्यहनन नाही, मुलाला वरचेवर बोलावणं नाही. कलम ३६ नुसार मूल आणि आरोपी समोरासमोर येणार नाहीत, पण आरोपीला साक्ष ऐकू यायला आणि वकिलाशी बोलता यायलाच हवं. हे शेवटचं कधी विसरू नकोस. पडदा किंवा व्हिडिओ लिंक लावली म्हणून कुरकुर करू नकोस. पडद्याआडून तुझ्या पक्षकाराला ऐकू येत नसेल तर मात्र तिथल्या तिथे उभी राहून बोल.

आपली बाजू तिच्यापुढे मांडायला हवी ना, असं तू विचारशील. हो, पण "तू खोटं बोलतेस" असं नाही. "ते म्हणतात की असं झालं नाही. तुला त्याबद्दल काही सांगायचंय का?" एवढं पुरतं. वाद घालायला ती तिथे आलेली नाही. आणि खोटा लाडही करू नकोस. "शाब्बास" म्हणालीस की तिला कळतं कुठलं उत्तर तुला आवडलं. चॉकलेट तर नकोच.

साक्षीदार पंधरा-सोळा वर्षांची असेल तर वरचं बरंच बदलतं. तिला बाळासारखं वागवलंस तर ती तुझ्यापासून लांब जाईल. तिथे प्रश्न बहुधा मोबाइलवरच्या मेसेजेसचा असतो, आणि मेसेज दाखवून तिला लाज आणणं फार सोपं असतं. संबंध असलेलेच मेसेज वापर, बाकीच्यांना हात लावू नकोस.

राहिला पक्षकार. तो पैसे देतो, तो घाबरलेला आहे, आणि वकिलाने कोर्टात मुलीला रडवलं की आपली बाजू भक्कम झाली असं त्याला वाटतं. त्याला आधीच बसवून सांग की रडणारं मूल न्यायाधीशांच्या मनात कुणाच्या बाजूने बोलतं. तारखा पाडून मुलीला थकवू या, असं तो सुचवेल. त्याचे नातेवाईक तर नक्कीच. त्या क्षणी ठाम राहा. वेळ जाईल तशी आठवण विरते, आणि विरलेल्या आठवणीतून कधीकधी तुझ्या पक्षकाराला सोडवणारा तपशीलही निघून जातो.

प्रश्नांची यादी मला सोमवारपर्यंत पाठव. त्याआधी ती मोठ्याने वाच, घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या मुलाला शाळेच्या सहलीबद्दल तसल्याच धाटणीचे प्रश्न विचारून बघ, आणि ज्या वाक्यात "नाही" दोनदा आलंय ती सगळी खोडून टाक. दहाच्या वर प्रश्न उरले असतील तर फोन कर, आपण मिळून कमी करू.

तुझा,
सर