वक्र जुळला म्हणजे प्राचले कळली असे नव्हे

अवकल समीकरणांच्या मॉडेलची आयडेंटिफायेबिलिटी (मोजमापांवरून मॉडेलची प्राचले, म्हणजे त्यातले दरांसारखे अज्ञात स्थिरांक, एकमेव ठरतात का) तपासायला कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, आणि मोजमापे वाढवली तर ही तपासणी टाळता येईल का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो: नाही.

एमएस्सीच्या प्रबंधासाठी मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्याच वावरातल्या गुलाबी बोंडअळीचे मॉडेल केले होते. अळ्या आणि पतंग ही दोन चले होती. अंडी घालण्याचा दर, अळीचा पतंग होण्याचा दर, दोघांचे मरणदर आणि सापळ्यात सापडण्याचे प्रमाण अशी पाच प्राचले होती. मोजमाप मात्र एकच, मादीच्या गंधाने ओढणाऱ्या कामगंध सापळ्यातले नर पतंग. वक्र इतका नेमका बसला की मार्गदर्शकांनी लगेच प्रकरण लिहायला सांगितले. त्याच संध्याकाळी बाबांनी विचारले, “मंग बोंडात अळ्या किती हायेत, ते सांग.” मी वेगळ्या आरंभबिंदूपासून प्राचले पुन्हा काढली, तेव्हा वक्र रेषेवर रेष पडावी तसा तोच आला, पण अळ्या पहिल्या उत्तराच्या चौपट निघाल्या.

मार्गदर्शक म्हणाले, सापळे वाढवा. तो सल्ला चूक होता, असे मी आजही म्हणतो. समीकरणांतून अळ्या काढून टाकल्या की सापळ्यातल्या संख्येचे दुसऱ्या कोटीचे एकच समीकरण उरते. त्यात सहगुणक दोनच असतात आणि सापळ्याचे प्रमाण तर त्यातून पूर्णपणे निघून जाते. दोन आकड्यांतून पाच अज्ञाते शंभर सापळ्यांनीही मिळणार नाहीत. हवे होते ते वेगळ्या जातीचे मोजमाप. आईने आणि मी दर आठवड्याला ओसरीवर 20 हिरवी बोंडे फोडून अळ्या मोजल्या, तेव्हा चार संयोग (प्राचलांच्या बेरजा, गुणाकार वगैरे) हाती आले; तरी अळीचा मरणदर आणि पतंग होण्याचा दर यांची बेरीजच कळत होती. त्याच अळ्या डब्यात वाढवून पतंग किती होतात ते पाहिले, तेव्हा ती गाठ सुटली.

सॉफ्टवेअरपुरते बोलायचे तर ज्युलियातले ‘स्ट्रक्चरलआयडेंटिफायेबिलिटी’ घ्या. ते मोफत आहे आणि प्राचलांचे कोणते संयोग ओळखता येतात तेही सांगते. मॅटलॅब असेल तर ‘स्ट्राइक-गोल्ड’ प्राचलांनाही चले मानून ऑब्झर्वेबिलिटी (न मोजलेली चले मोजमापांवरून काढता येतात का) त्याच हिशेबात तपासते, मात्र त्याचा निकाल स्थानिक, म्हणजे जवळपासच्या मूल्यांपुरताच असतो. याच कामाचे 2007चे ‘डेझी’ रिड्यूस या बीजगणिताच्या सॉफ्टवेअरवर चालते.

हे सगळे निकाल बिनचूक, अखंड मोजमाप गृहीत धरतात, त्यामुळे होकार आला तरी वावरातल्या तुटक आकड्यांसाठी प्रोफाइल लाइकलिहूड (एकेक प्राचल ठरावीक मूल्यांवर धरून, बाकीची पुन्हा जुळवून वक्र किती बिघडतो ते पाहणे) वेगळे काढावे लागते. शिवाय डब्यातली मर वावरातल्या मरीइतकी नसते, हेही खरे. पण मार्गदर्शक नुसत्या वक्राकडे बोट दाखवू लागले, तर प्राचलांचे दोन संच आणि त्यांचा तो एकच वक्र छापून त्यांच्यापुढे ठेवा. मी तेव्हा ठेवला नाही आणि प्रकरण तसेच छापले गेले.